ड्रॅगन ट्रेन वळणावर दणके देते? रूळ उघडण्याआधी गाडी बघा

सलग तीन हंगाम एका तक्रारीने आम्हाला जेरीस आणलं. ड्रॅगन ट्रेन, म्हणजे जत्रेतली ड्रॅगनच्या तोंडाची छोटी रोलर कोस्टर, सरळ रुळावर छान पळते, उंचवट्यावरही फार त्रास नाही. पण शेवटच्या गोल वळणात शिरली की डबा आधी आतल्या अंगाला गचका खातो, मग बाहेरच्या, आणि वळण संपल्यावरही दोन-तीनदा डावी-उजवीकडे आपटत राहतो. कुणकेश्वरला महाशिवरात्रीच्या जत्रेत एक मावशी नातवाला घेऊन उतरल्या आणि कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "वळणार आपटता रे गाडी. पोराक धरू की माका सावरू?" त्यांना मी काही उत्तर देऊ शकलो नाही.

ज्यांच्याकडे जत्रेतली किंवा किनाऱ्यावरच्या छोट्या पार्कातली अशी गाडी आहे, त्यांच्यासाठी हे लिहितोय. मी फिटर आहे. जत्रेतल्या पाळण्यांची आणि गाड्यांची देखभाल हेच माझं काम. आमच्याकडे हा त्रास दर वर्षी परत यायचा, आणि दर वर्षी आम्ही एकच चूक करायचो. दणका बसला की रूळ धरायचा. प्लेटचे बोल्ट आवळायचे, खांबाखालचे लाकडी ठोकळे बदलायचे, स्पिरिट लेव्हल लावून पुन्हा पॅकिंग करायचं. एका वर्षी वळणाचे दोन पाइप कापून नवीन टाकले. आठ-दहा दिवस बरं चालायचं, मग पुन्हा तेच.

फेब्रुवारीतल्या एका सकाळी, दव सुकायच्या आत, मी वळणाखाली उकिडवा बसलो होतो. मेन स्विच बंद, त्याला कुलूप, किल्ली माझ्या खिशात. (ही सवय नसेल तर आजच लावून घ्या, बाकीचं नंतर वाचा.) खालच्या जांभ्याच्या लाल मातीवर पिवळसर चुरा पडला होता, खवणीखाली ओलं खोबरं पडतं तसा. बोटांत धरला तर रबरासारखा लवचीक. तो पीयू, म्हणजे पॉलियुरेथेन या रबरासारख्या प्लास्टिकच्या चाकांचा होता. मग पाइप पाहिला. सरळ रुळावर चाकाचा मार्ग बोटभर रुंद, चकचकीत, एकसारखा पट्टा असतो. वळणात तोच पट्टा दुप्पट रुंद झालेला, आणि त्यावर तिरके ओरखडे, सगळे एकाच दिशेने झुकलेले. गोल फिरणारं चाक असे ओरखडे काढत नाही. आडवं घासणारं काढतं.

म्हणजे तीन वर्षं आम्ही मार खाणाऱ्याला दुरुस्त करत होतो. मारणारी गाडी तशीच धावत होती.

लाकडी कोस्टरवाल्यांनी हे आधीच भोगलंय

कोकणात लाकडी रोलर कोस्टर नाही, पण या दुखण्याचं मूळ मला लाकडी कोस्टरच्या वाचनात सापडलं. कारण सोपं आहे. पोलादी पाइपचा रूळ दणका पचवतो आणि बराच काळ लपवतो. लाकूड लपवत नाही. गाडीत दोष असेल तर लाकडी रूळ काही महिन्यांत तो उघडा करतो. त्यामुळे गाडीची घडण आणि बसणाऱ्याला लागणारे धक्के यांचा संबंध त्या लोकांनी शंभर वर्षं जवळून पाहिलाय.

लाकडी कोस्टरचा रूळ म्हणजे एकावर एक फळ्यांचे थर, खिळ्यांनी आणि बोल्टांनी बांधलेले. वरचे थर आतल्या बाजूला थोडे पुढे काढलेले असतात, आणि जिथे जिथे चाक लागतं तिथे पोलादी पट्टी. डब्याला तीन तऱ्हेची चाकं: वजन पेलणारी वर, बाजूने धरणारी आडवी, आणि गाडी उंचवट्यावर उडू नये म्हणून रुळाच्या खालून धरणारी. ही खालची चाकं जॉन मिलर या अमेरिकी अभियंत्याची देणगी, पेटंट १९१९ सालचं. ती आल्यावर कोस्टर एकदम उंच आणि उताराला तीव्र झाले, कारण आता गाडी रूळ सोडून जाण्याची भीती उरली नाही. आपल्या ड्रॅगन ट्रेनलाही हीच तीन तऱ्हेची चाकं असतात. नसतील, तर ती गाडी चालवू नका.

आता लाकूड कसं बिघडतं ते बघा. एका जागी गाडीने बाजूला दणका दिला की तिथले खिळे केसभर सैल होतात. पुढच्या फेरीला फळी केसभर जास्त सरकते, म्हणून दणका किंचित मोठा. असं दिवसाला शेकडो फेऱ्या. शेवटी तिथे खड्डा तयार होतो, आणि मग निर्दोष गाडीसुद्धा तिथे आपटते. गाडी रूळ बिघडवते आणि बिघडलेला रूळ गाडीला मारतो, असं ते चक्र आहे. आमच्या पाइपवर खड्डा पडला नव्हता, पण प्लेटचे बोल्ट सैल होणं आणि पॅकिंगचे ठोकळे चेपणं हे त्याचंच धाकटं रूप.

लांब डबा वळणात काय करतो

एसटीने घाट चढलेल्या कोणालाही हे अंगानेच माहीत असतं. मागच्या चाकाच्या मागे बसलेला माणूस वळणावर बाहेर फेकला जातो आणि खड्ड्यात वर उडतो, दोन्ही चाकांच्या मध्ये बसलेला बराच सुखी असतो. गाडीचा सांगाडा ताठ आणि रस्ता वाकडा. ती तडजोड कुठेतरी बसणाऱ्याच्या पाठीतून जाते.

एसटीला निदान पुढची चाकं वळवता येतात. जुन्या घडणीच्या कोस्टरच्या डब्याला तेही नाही. दोन आस, म्हणजे चाकांचे आडवे दांडे, दोन्ही सांगाड्याला घट्ट. असा डबा वळणात शिरला की दोन्ही टोकं रुळावर, पण डबा स्वतः त्या कमानीची दोरी होतो. आमच्या डब्यात दोन आसांमधलं अंतर १.६ मीटर, आणि त्या वळणाची त्रिज्या ५ मीटर. अंतराचा वर्ग करायचा आणि त्रिज्येच्या आठपटीने भागायचं: उत्तर ०.०६४ मीटर. म्हणजे डब्याचा मध्य रुळाच्या मध्यापासून ६४ मिलिमीटर आत सरकतो. हेच अंतर निम्मं, म्हणजे ०.८ मीटर असतं, तर उत्तर १६ मिलिमीटर आलं असतं. अंतर निम्मं केलं तर सरकणं चौथ्या हिश्श्यावर येतं. हे गणित मी कार्यशाळेच्या दारावर खडूने लिहून ठेवलंय.

पण त्याहून वाईट गोष्ट चाकाच्या तोंडाची. आस सांगाड्याला घट्ट असल्यामुळे चाकाचं तोंड रुळाच्या दिशेला नसून डब्याच्या दिशेला असतं. आमच्या मापांत हा फरक नऊ अंशांच्या थोडा वर. याचा अर्थ असा की चाक १०० मिलिमीटर पुढे जाताना सुमारे १६ मिलिमीटर आडवं घासतं. पीयू रुळाला धरून ठेवतं, ताण साठतो, मग धरलेलं सुटतं आणि डबा बाजूला उडी मारतो. पुन्हा धरतं, पुन्हा सुटतं. तो गचका म्हणजे हे धरणं-सोडणं, आणि मातीवरचं पिवळं खोबरं त्याच घासण्याचं.

एवढ्यावर भागत नाही. तिरका आस दोन पाइपांवर आडवा पडला की त्याला जागा जास्त लागते. आमच्या पाइपांचं बाहेरून बाहेरपर्यंतचं माप ७०० मिलिमीटर. तिरकेपणामुळे वळणात तिथे आणखी ९ मिलिमीटर लागतात. गाडी अडकू नये म्हणून बनवणाऱ्याने बाजूच्या चाकांना एकूण १० मिलिमीटर फट ठेवली होती. वळणासाठी ठेवलेली ती फट सरळ रुळावर कुठे जाणार? तिथेच राहते. म्हणून वळण संपल्यावर डबा दोन-तीनदा डावी-उजवीकडे आपटायचा. आम्ही वेड्यासारखे ती फट वॉशर घालून कमी करायचो. सरळ रुळावर शांत व्हायचं, पण वळणात गाडी आवळायची, मोटर तापायची, आणि पंधरा दिवसांत चाकं गेलेली असायची.

गाड्या कशा बदलत गेल्या

न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडवर सायक्लोन नावाचा लाकडी कोस्टर १९२७ पासून आहे. त्याच्या गाडीत तीन डबे, प्रत्येक डब्यात बाकांच्या चार ओळी. डबा लांब, आस दोन. अशा गाडीत कुठे बसलात यावर तुमचा अनुभव ठरतो. आसाच्या वर बसलेल्याला प्रत्येक खिळा कळतो, आसांच्या मध्ये बसलेल्याला कमी. तिथले नेहमी बसणारे लोक चाकावरची ओळ आणि बिनचाकाची ओळ असं वेगळं ओळखतात.

फिलाडेल्फिया टोबोगन ही १९०४ पासूनची जुनी कंपनी. जगातल्या कितीतरी लाकडी कोस्टरवर तिच्याच गाड्या. तिच्याकडे चार ओळींचे, तीन ओळींचे आणि दोन ओळींचे डबे होते. तीन ओळींच्या डब्याची ख्याती वळणदार रुळावर फारशी चांगली नाही, आणि वरचं गणित बघितल्यावर त्याचं नवल वाटत नाही. मात्र हाच डबा सरळ जाऊन परत येणाऱ्या, उंच-सखल पण कमी वळणांच्या रुळावर समाधानाने पळतो. गाडी वाईट की चांगली हे रूळ बघितल्याशिवाय ठरवू नये.

१९२० च्या दशकात प्रायर आणि चर्च या जोडीने वेगळीच वाट काढली. डबा एका ओळीचा, त्याला आस एकच, आणि डब्याचं पुढचं टोक समोरच्या डब्यावर टेकवलेलं. मला हे वाचल्याबरोबर समजलं, कारण ती सरळ सरळ आपली बैलगाडी आहे. बैलगाडीलाही एकच आस. पुढचा भार जुवातून बैलांच्या मानेवर. म्हणून ती शेताच्या बांधावरून कितीही आखूड वळते आणि चाक कधी आडवं घासत नाही, बैल जिकडे वळेल तिकडे आस आपोआप वळतो. कोस्टरमध्ये बैलाच्या जागी पुढचा डबा. फक्त सगळ्यात पुढच्या डब्याला दोन आस लागतात, कारण त्याला टेकायला पुढे कोणी नसतं.

ही कल्पना बराच काळ मागे पडली होती. १९९४ साली स्थापन झालेल्या ग्रेट कोस्टर्स इंटरनॅशनलने मिलेनियम फ्लायर नावाची गाडी त्याच धर्तीवर नव्याने केली. एका डब्यात दोनच माणसं, प्रत्येक डबा पुढच्यावर टेकलेला. त्यामुळे त्यांचे रूळ सापासारखे वळतात आणि तरी गाडी गचके न खाता जाते. ग्रॅव्हिटी ग्रुपच्या टिंबरलायनर गाडीने आणखी एक पाऊल टाकलं: तिचे आस वळणाप्रमाणे स्वतः फिरतात.

गाडी बदलली की सगळं मिटतं असं मात्र कोणी समजू नये. फ्लोरिडातल्या टॅम्पाच्या बुश गार्डन्समध्ये ग्वाझी नावाचा लाकडी कोस्टर १९९९ मध्ये सुरू झाला. वळणांनी भरलेला रूळ, आणि त्यावर फिलाडेल्फियाच्या दोन ओळींच्या डब्यांच्या गाड्या. २०११ मध्ये तिथे मिलेनियम फ्लायर आल्या. तरी २०१५ मध्ये तो बंद झाला, आणि पुढे त्याच जागी पोलादी रुळाचा आयर्न ग्वाझी २०२२ मध्ये उघडला. बारा वर्षं मार खाल्लेल्या लाकडाला चांगली गाडी उशिरा मिळाली, असा मी त्याचा अर्थ लावतो. म्हणूनच मला वाटतं, गाडी आधी तपासा, पण त्याच दिवशी रुळावर तिने केलेलं नुकसानही मोजा.

वजनाचा धडा त्याहून कठोर आहे. ओहायोतल्या किंग्ज आयलंडचा सन ऑफ बीस्ट २००० साली उघडला. लाकडी कोस्टर असून त्याला उभा गोल फेरा होता, आणि त्यासाठी गाड्या जड. जुलै २००६ मध्ये आधाराचं लाकूड मोडलं, रुळाला खोलगा पडला, गाडी त्यावरून गेली आणि सत्तावीस माणसं जखमी झाली. नंतर फेरा काढून टाकला आणि २००७ मध्ये हलक्या गाड्या आणल्या. २००९ नंतर तो चाललाच नाही. आपल्याकडे ड्रॅगनच्या तोंडाला जाड पत्रा, एलईडीचे सांगाडे, वरून छप्पर, असं करत करत मालक लोक गाडीचं वजन वाढवत नेतात. प्रत्येक किलो शेवटी त्याच वळणावर, त्याच चार चाकांवर येतो. शोभेसाठी लोखंड जोडायला मी आता स्पष्ट नकार देतो.

इंटामिन कंपनीने उलट बाजूने उत्तर शोधलं. कारखान्यात अचूक कापलेले, आधीच थर चिकटवलेले लाकडी रुळाचे तुकडे आणून जोडायचे. न्यू जर्सीतला २००६ चा एल टोरो असाच. खर्चाचं काम आहे ते, आपल्या आवाक्यातलं नाही, म्हणून इथेच सोडतो.

आता तुमच्या गाडीचं निदान

प्रश्न एकच विचारायचा: दणका जागेचा आहे, चाकाचा आहे, की घडणीचा?

गाडी रिकामी चालवू नका, रिकामी गाडी खोटं बोलते. प्रत्येक बाकावर माणसाच्या वजनाची वाळूची पोती पट्ट्याने बांधा. त्वरण मोजणारं मोफत ॲप टाकलेला फोन डब्याच्या फरशीला चिकटपट्टीने घट्ट बसवा आणि एकेक डबा धरून फेऱ्या मारा. फोन सीटवर ठेवू नका, फोम सगळं गिळतो. पाच फेऱ्यांचे आलेख शेजारी शेजारी ठेवले की चित्र दिसायला लागतं.

सगळे डबे एकाच जागी, एकसारखे आपटत असतील तर रूळच बघा: सांधा, पॅकिंग, खचलेला खांब. सड्यावर, म्हणजे कातळावर, उभारणी असेल तर हे कमी. पण वाळूवर किंवा भराव घातलेल्या मैदानावर पहिल्या दोन दिवसांत खांब हमखास खचतात. तिसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा लेव्हल करणं हा आमचा नियमच आहे.

एकच डबा सगळीकडे, सरळ रुळावरही, ठराविक अंतराने टकटकत असेल तर चाक. चाकावर खडूची रेघ मारा, किती फेऱ्यांना ठोका येतो ते मोजा. बहुतेक वेळा एका बाजूला सपाट झालेलं चाक किंवा गेलेलं बेअरिंग सापडतं.

सगळे डबे, पण फक्त वळणात आणि वळणानंतर, आणि जितकं वळण आखूड तितकं जास्त, असं असेल तर घडण. दुसरा पुरावा तो पिवळा चुरा. तिसरा पुरावा फिलर गेजने, म्हणजे फट मोजायच्या पट्ट्यांनी, मिळतो: सरळ रुळावर बाजूच्या चाकांची फट मोजा, मग डबा हाताने ढकलत वळणाच्या मध्यावर आणून मोजा. सरळ रुळावर १० आणि वळणात जेमतेम १, असं आमचं निघालं. त्या क्षणी मला तीन वर्षांचे वॉशर आठवले.

सुरुवातीला आणि थांबताना पुढे-मागे बसणारा हिसका हा वेगळा आजार. त्याचा वळणाशी संबंध नाही. दोन डबे जोडणाऱ्या कपलिंगच्या पिनेचं भोक लांबट झालेलं असतं. आमच्या सहा डब्यांना पाच कपलिंग, प्रत्येकी चार मिलिमीटर खेळ, म्हणजे शेवटच्या डब्यापर्यंत वीस मिलिमीटरचा हिसका. नवीन बुश आणि गोल फिरणारं रॉड एंड बेअरिंग टाकलं की संपतं. सोबत प्रत्येक कपलिंगला वेगळी सेफ्टी केबल असलीच पाहिजे.

आम्ही काय केलं

बैलगाडीची घडण मला फार आवडली होती, पण ती केली नाही. तिच्यात प्रत्येक डब्याचा पुढचा भार कपलिंगवर येतो आणि आमची कपलिंगं फक्त ओढण्यासाठी होती. त्यांच्यावर वजन टाकणं म्हणजे जिवाशी खेळ.

मग रेल्वेकडे पाहिलं. मांडवी एक्स्प्रेसचा डबा साडेतेवीस मीटर लांब असतो. तो ताठ असता तर प्लॅटफॉर्मबाहेरच पडला नसता. तो वळतो कारण त्याच्याखाली दोन बोग्या आहेत, मध्यावरच्या टेकूवर फिरणाऱ्या, आणि एका बोगीतल्या आसांमधलं अंतर अडीच मीटरच्या आसपासच आहे. शिवाय कोकण रेल्वेची वळणं मुळातच ऐसपैस, आखणीतली किमान त्रिज्या १,२५० मीटर. आमची पाच. तत्त्व मात्र तेच चालणार होतं.

प्रत्येक आस सांगाड्यापासून सोडवला आणि मध्यावर उभ्या पिनेवर बसवला, खाली-वर गनमेटलचे बुश आणि वॉशर. आस दोन्हीकडे बारा अंशांपर्यंत फिरतो, पुढे स्टॉपर अडवतो. आधी आसाच्या रेषेत दर बाजूला एकच आडवं चाक होतं. आता दोन, एकमेकांपासून ३०० मिलिमीटरवर, एक पुढे एक मागे. तीच आसाला वळवतात. गणित पुन्हा तेच: ०.३ चा वर्ग, भागिले ४०, म्हणजे सव्वादोन मिलिमीटर. फट १० वरून ३ मिलिमीटरवर आणता आली, आणि तरी गाडी वळणात आवळत नाही.

हे काम कोणी गॅस कटर घेऊन मैदानावर करायला जाऊ नये. मापं मी काढली, पण रेखाचित्र आणि ताणाचं गणित एका मेकॅनिकल इंजिनिअरकडून करून घेतलं, वेल्डिंग परीक्षा दिलेल्या वेल्डरकडून, आणि प्रत्येक सांध्याची लाल रंग टाकून भेगा दाखवणारी डाय टेस्ट केली. दोन सांध्यांत केसासारखी भेग निघाली. ते पुन्हा घासून नव्याने मारले. नंतर वाळूच्या पोत्यांवर दोनशे फेऱ्या, मग पुन्हा डाय टेस्ट, आणि परवानगीसाठीची तपासणी नव्याने, कारण बदललेली गाडी ही नवी गाडी असते. मालकांना हा वेळ जड गेला. मी त्यांना कुणकेश्वरच्या मावशींची आठवण करून दिली.

पावसाळा

आपल्याकडे एक शत्रू असा आहे जो ओहायोत नाही. अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस आणि वर खारा वारा.

पीयू दोन जातीचं असतं, पॉलिएस्टर आणि पॉलिइथर. पॉलिएस्टर झिजेला चिवट, पण दमट हवेत ते आतून हळूहळू तुटत जातं. दिवाळीनंतर गाडी बाहेर काढता, चाक दिसायला धड, आणि पहिल्या आठवड्यात त्याचे लचके निघतात. आमचं असं दोनदा झालं. किनाऱ्यावर चालवायची गाडी असेल तर पॉलिइथरचीच चाकं मागा, आणि दुकानदाराला जात विचारल्याशिवाय पैसे देऊ नका.

गाडी चार महिने स्वतःच्या चाकांवर उभी ठेवू नका. पीयू दबून एका बाजूला सपाट होतं आणि पहिल्याच दिवशी टकटक सुरू. ठोकळ्यांवर उचलून ठेवा, चाकं मोकळी लटकू द्या. बेअरिंग रबरी सील असलेलीच घ्या. फिरणाऱ्या पिनेला ग्रीस निप्पल ठेवा आणि जत्रा संपल्यावर, गाडी ट्रकवर चढायच्या आधी, ताजं ग्रीस भरा. जुनं खारट ग्रीस बाहेर येईपर्यंत दाबत राहायचं. वळणातल्या पाइपला गंजाचा पापुद्रा आला असेल तर चाकं नवीन असली तरी तो आधी घासून काढा, नाहीतर तो पीयूला कानशीसारखा खातो.

खांबाखालचे लाकडी ठोकळे सागाचे किंवा ऐनाचे असतील तर टिकतात. आंब्याच्या फळकुटांचे ठोकळे एका पावसात फुगतात आणि उन्हाळ्यात आक्रसतात. लेव्हल कशी राहणार?

यंदा आंगणेवाडीला गाडी उभी केली. दुसऱ्या रात्री गर्दी ओसरल्यावर मी बॅटरी घेऊन वळणाखाली गेलो. लाल मातीवर शेंगदाण्याची टरफलं होती, कागद होते, एका मुलाची टोपी होती. पिवळा चुरा चिमूटभर निघाला, बहुतेक मागच्या वर्षीचाच पाइपच्या बगलेत अडकलेला. पट्टा वळणातही बोटभरच रुंद. दुसऱ्या उंचवट्यावरून उतरताना अजून एक बारीक ठोका येतो, पण तो सगळ्या डब्यांना त्याच जागी येतो, म्हणजे रुळाचा सांधा आहे. मैदान रिकामं झालं की तो उघडतोय.